मेल्विनाची प्रार्थनेची वही

मेल्विना चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला गेली आणि फाटकाची कडी वाजली, की तिचा नवरा सोकोरो तिची प्रार्थनेची वही उघडत असे. चार वर्षं त्याचा हा नेम चुकला नव्हता.

मेल्विना निवृत्त शिक्षिका. रोज चहाआधी तारीख घालून, देवाकडे काय मागायचं ते वळणदार अक्षरात लिहून काढी. सोकोरो स्वतः नाताळ सोडला तर चर्चची पायरी चढत नसे. पण बायकोचं मागणं वाया जाऊ नये असं त्याला वाटे. ‘लवूच्या आईला चालता येऊ दे’ असं वाचलं, तेव्हा त्याने वॉकर आणून गुपचूप शेजारी लवूच्या पडवीत ठेवला. गावातल्या मंगेशचा आणि त्याच्या भावाचा हद्दीच्या गडग्यावरून तंटा वहीत आला, तेव्हा दोघांना आपल्या होडीत बसवून खाडीत नेलं आणि समेट झाल्याशिवाय होडी काठाला लावली नाही. दुसऱ्या दिवशी वहीत लाल शाईने लिहिलेलं असे, ‘ऐकलंस प्रभू. आभार.’

सोकोरो मिशीत हसे. हे तिला कधीच कळायचं नाही, याची त्याला खात्री होती.

त्या बुधवारी मात्र वहीत दोनच ओळी होत्या. ‘छातीतली कळ आता लपवून चालायची नाही. प्रभू, डॉक्टरांकडे जायचं धैर्य दे.’

सोकोरो वही घेऊन दाराच्या पायरीवर बसला. त्याच्याच छातीवर कुणी गुडघा रोवल्यासारखं झालं. हल्ली असं व्हायचं. पित्त, दुसरं काय! पण मेल्विना? इतके दिवस सोसतेय आणि तोंडातून शब्द नाही? सरळ विचारावं, तर वही वाचल्याचं उघड होणार.

ती परत येईपर्यंत त्याने बेत पक्का केला होता.

“उद्या कुडाळाक जावया गो. गुडघो दाखवूचो आसा. तू माझ्या वांगडा चल.”

“गुडघो?” मेल्विनाने डोक्यावरचा स्कार्फ सोडला. “बरां. येतंय मी.”

इतक्या सहज! सोकोरो मनात खूश झाला. छातीचे मोठे डॉक्टर कुडाळला गुरुवारीच येत, हे त्याने बाबू रिक्षावाल्याकडून काढून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी एसटी कसाल ओलांडून पुढे गेली, तसा त्याने हळूच विषय काढला. “इलोच आसव, तर तूय दाखवून घे. छाती, बीपी, सगळां.”

“आधी तुमचां होवंदे,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

दवाखान्यात शिरल्यावर त्याने तिला बाकावर बसवलं. आता ती उठून पळाली, तरी तो तिला हाताला धरून डॉक्टरांपुढे उभी करणार होता. ताठ मानेने तो नाव नोंदवायच्या खिडकीशी गेला.

“मेल्विना लोबो. छातीत दुखता. नाव घाला.”

सिस्टरने रजिस्टरवरून बोट फिरवलं.

“मेल्विनाबाईंचा सोमवारीच फोन आला होता,” ती म्हणाली. “पण नंबर सोकोरो लोबोंचा लावलाय, वय बासष्ट. छातीत कळ येते, घरात लपवतात, गुरुवारी स्वतःच्या पायांनी येतील म्हणाल्या. तुम्हीच ना ते?”