बटणाची वायर

"आबा, दिवा तरी लागला होता का?" संयोगितानं कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढत विचारलं.

"काय बी न्हाई. बटण दाबून दाबून अंगठा दुखला," जोतीराम म्हणाला आणि चहा टाकायला आत सटकला.

फौजेतून हवालदार होऊन आलेल्या माणसाला खोटं बोलायची सवय नव्हती. पण बायको गेल्यापासून कराडजवळच्या मलकापूरचं घर त्याला खायला उठायचं. लेक लग्न होऊन सांगलीला. आबांना पडद्यावर आपलं तोंड दिसावं म्हणून तिनं एकेक भाग आणून हा कॉम्प्युटर स्वतः जोडला होता. पहिल्याच दिवशी तो काही केल्या चालू होईना. शेवटी कळलं, बटणाची बारकी वायर मदरबोर्डवर लावायचीच राहिली होती. दोघं पोट धरधरून हसले होते.

जोतीरामनं ती वायर तेवढी ध्यानात ठेवली. त्याला पडद्यावरची लेक नको होती, समोर बसून चहा पिणारी हवी होती. मग आठ-पंधरा दिवसांनी तो वायर हळूच उपसून ठेवायचा आणि तिला फोन लावायचा.

संयोगिता इंजिनिअर, पण त्या वायरीकडं सरळ कधी वळायचीच नाही. आधी प्लग, मग पॉवर सप्लाय, मग रॅम काढून पुसून परत. तोवर जेवणं व्हायची, गप्पा व्हायच्या, ऊन उतरायचं. एवढं शिकून पोरीला साधी गोष्ट सापडत नाही, याचं जोतीरामला नवल वाटायचं.

आज मात्र त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. ती यायच्या आधीच तिच्या सासूबाईंचा फोन येऊन गेला होता. "पाव्हणं, तुमचा त्यो डबा एकदाचा नीट करून घ्या की. सून सारखी माहेरी. चार लोक काय म्हणत्याल?"

आपल्या एकटेपणापायी आपण लेकीच्या संसारात बिब्बा घालतोय, हे त्याच्या मनाला फार लागलं.

उन्हं कलताना पडदा उजळला. "सापडलं, आबा!"

"बाळ," जोतीराम म्हणाला, "आता बिघडला तर हितलाच कारागीर बोलवीन. तू नगं येत जाऊ. तुझं घर सांभाळ."

ती वायरी आवरत राहिली.

"जयराजराव बरं हायेत न्हवं?" त्यानं जावयाची चौकशी केली.

"बरे हायेत." मग म्हणाली, "आबा, पाणी देता?"

तो तांब्या घेऊन आला तेव्हा कॉम्प्युटर बंद होता, झाकणाचे स्क्रू आवळून झाले होते. ती पाया पडली. जोतीरामनं तिला कराडच्या स्टँडवर सांगलीच्या गाडीत बसवलं.

घरी आल्यावर ते सुनं घर अंगावर आलं. पण त्यानं मनाशी ठरवलंच होतं. आता पडद्यावरच्या लेकीची सवय करायची. रात्री जेवण उरकून त्यानं बटण दाबलं. काहीच झालं नाही. परत दाबलं. प्लग बघितला, तो बसलेला होता. मग त्यानं झाकण उघडलं.

बटणाची वायर दोन पिनांवरून निघून लोंबत होती. या वेळी त्यानं तिला हातही लावला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. संयोगिता घरी पोचली होती. मागं सासूबाईंचा आवाज चाललेला.

"काय म्हणता आबा, परत बंद पडला?" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्यानं म्हणाली.

जोतीरामनं अजून तोंडही उघडलं नव्हतं.