बादलीतली कोंबडी

नववी कोंबडी बादलीत बुचकळताना एलिया मास्तरांनी तोंड बाजूला फिरवलं. तरी पंखांचं पाणी चष्म्यावर उडालंच. आठवीने मनगटावर चोच मारली होती, तिथे अजून ठणकत होतं. शिरूरच्या मिशन शाळेत एकतीस वर्षं त्यांनी पोरांना वळण लावलं, पण एकही पोरगं त्यांना कधी चावलं नव्हतं.

"अजून एकदा," मास्तर कोंबडीला म्हणाले आणि तिला पुन्हा बुडवलं.

सगळं त्यांच्याच बढाईने झालं होतं. हे त्यांना कबूल होतं, फक्त बायकोपुढे कबूल करायचं नव्हतं. तिकडे खुटबावला राहेल बाळंत झाली आणि कृपाबाई लेकीकडे जायला निघाल्या, तेव्हा आठ कोंबड्यांच्या खुराड्यात पंधरा कोंबड्या कोंबलेल्या होत्या, आणि त्यांतल्या तीन खुडूक. "कोंबड्या शेजारी भागुबाईकडं सोपवते," कृपाबाई म्हणाल्या. मास्तरांना ते फार लागलं. साठ साठ पोरांचा वर्ग ज्याने सांभाळला, त्याला पंधरा पाखरं जड व्हावीत?

मग एसटीच्या पायरीवर उभं राहून कृपाबाईंनी त्यांना धडा दिला. "खुडूक कोंबडी पाटीत बसूनच राहते. ना अंडं देते, ना दुसरीला जागा देते. अशी बसलेली दिसली की तीनदा गार पाण्यात बुचकळायची आणि अंगणात हाकलायची." पुढं त्या आणखी काही सांगत होत्या, पण गाडी हलली. मास्तरांनी सगळं समजल्यासारखी मान डोलावली.

पहिल्या दिवशी त्यांनी तिघींना बुचकळलं. चौथ्या दिवशी सहा जणी निघाल्या. मग तर साथच आली. कधीही खुराड्यात डोकवावं, भुशाच्या पाटीत कुणीतरी ठाण मांडून बसलेलीच. मास्तरही हट्टाला पेटले. थंडीत पहाटेपासून बादली भरून खुराड्याशी उभे राहू लागले. कोंबडी पाटीत टेकली रे टेकली की उचलून पाण्यात. संध्याकाळच्या प्रार्थनेत त्यांनी सगळ्या मंडळीच्या आधी कोंबड्यांचं नाव घेतलं. तेवढ्यानेही भागेना.

अंडी मात्र आटत गेली. राहेल बाळंतपणात पार खंगली होती, अंगावर दूध नव्हतं. रोज दोन अंडी पोटात गेलीच पाहिजेत, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. पहिल्या शनिवारी मास्तर कोंड्यात घालून वीस अंडी घेऊन गेले. दुसऱ्या शनिवारी पाच. पोरीने परडीत पाहिलं आणि म्हणाली, "पुरतील की बाबा." कृपाबाई पाचही अंडी उचलून आत घेऊन गेल्या. त्या काहीतरी बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मास्तरांना येताना गाडीत सारखं वाटत राहिलं.

आज तिसरा शनिवार. दहाची गाडी होती, आणि परडीत नुसता कोंडा होता. राहेलचा उतरलेला चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मास्तरांचे डोळे भरून आले. एकुलत्या एक लेकीला दोन अंडी पुरवता येऊ नयेत! त्यांनी नाक ओढलं आणि नववीला तिसऱ्यांदा बुडवलं.

"मास्तर, न्हाऊ घालताय व्हय कोंबड्यांला?"

कुंपणापलीकडून भागुबाई आत येत होती. डोक्यावर फडकं झाकलेली पाटी होती.

"खुडूक मोडतोय, भागुबाई." मास्तरांचा आवाज चिरकला. "एकजात सगळ्या खुडूक झाल्यात. घरात औषधालासुद्धा अंडं नाही. लेकीकडं काय तोंड घेऊन जाऊ?"

भागुबाईने पाटी खाली ठेवली आणि फडकं काढलं. पाटीत अंडी होती. तीन डझन तरी असतील.

"आज बैलांला टाकाया कडबा उपसला, तर खाली ही रास," ती म्हणाली. "तुमच्याच कोंबड्या हायती. आठवडा झाला, रोज वल्ल्याचिंब कुडकुडत येत्यात आन् कडब्यात घुसत्यात. मी म्हनते, पाऊस न्हाई पानी न्हाई, ह्या भिजत्यात तरी कुठं?"

मास्तरांच्या हातातली कोंबडी टपटप गळत होती. भागुबाईने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बादलीकडे, आणि मग मास्तरांकडे.

"मास्तर, अंडं घालायचं म्हंजी घटकाभर बसावं तर लागतंयच की. तुमच्या हितं बसूच देत न्हाईत व्हय त्यास्नी?"