असाधारण गुणवत्तेचं कार्ड

“तुझं ते कार्ड काय सोन्याचं घडवतायत का गं?” चीनमधल्या गावाहून आईने फोनवर विचारलं.

फोन खांद्याने कानाशी दाबून छ्याओ वेनजुन प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या पिंजऱ्यांतला भुसा बदलत होती. “येईल, आई. आता झालंच समज.”

“गेल्या नववर्षालाही हेच म्हणालीस. मी डंपलिंग करून ठेवले, खाल्ले शेजाऱ्यांनी.”

ती हसली नाही. हसायलाही जोर लागतो.

अमेरिकेतल्या या लहानशा विद्यापीठाच्या गावात तिची उमेदीची वर्षं सरली होती. यकृताच्या आजारावरचं तिचं संशोधन जगभर वाचलं जायचं, पण तिचा व्हिसा दर थोड्या वर्षांनी संपायला यायचा. असाधारण गुणवत्तेच्या संशोधकांना कायमचं राहू देणारं ग्रीन कार्ड मिळतं म्हणून तिने अर्ज केला, तेव्हा वकिलाने बजावलं होतं, “आता देशाबाहेर पाऊल टाकू नका. परत आत घेतीलच असं नाही.”

मधेच वडील गेले. त्यांना शेवटचं तिने फोनच्या पडद्यावर पाहिलं. मग हात धुतले आणि पुन्हा कामाला लागली.

अशी संशोधक देशात दुसरी नाही, असं तिच्या अर्जासाठी शिफारसपत्र लिहून दिलं होतं तिच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, प्रोफेसर हचिन्स यांनी. पण लिहायला त्यांनी वर्ष घालवलं. तिने विषय काढला की म्हणायचे, “कार्ड मिळालं की तू मला सोडून जाणार.”

“नाही जाणार, सर.”

“सगळे असंच म्हणतात.”

शेवटी एका शुक्रवारी कार्ड टपालपेटीत येऊन पडलं. तिला वाटलं होतं, रडू येईल. आली ती झोप. डोळ्यांवर पाणी मारून ती आधी सरांकडे गेली. शब्द दिला होता.

हचिन्स कपाटातली पुस्तकं खोक्यात भरत होते.

“सर, कार्ड आलं. आणि मी इथेच राहतेय, तुमच्याबरोबर.”

ते एका खोक्यावर बसले. बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

“अनुदान बंद झालं, वेनजुन. उन्हाळ्यानंतर ही प्रयोगशाळा नाही. तुला सांगायचा धीर होत नव्हता.”

“मग तुम्ही?”

“मीही अर्ज केला होता एका ठिकाणी. परदेशी संशोधक हवे होते त्यांना. महिन्याच्या आत कायमच्या राहण्याचा परवाना दिला. नवी प्रयोगशाळा, राहायला घर, सगळं.”

“कुठे, सर?”

हचिन्स ओशाळल्यासारखे हसले.

“तुझ्याच गावी. आईसाठी काही पाठवायचं असेल तर दे माझ्याजवळ.”