छबुबाई उभी राहिली

"आजी, हात टेकवायचा नाही. पायातल्या जोरावर उठायचं," वैष्णवी म्हणाली.

"जोर असता तर इथं कशाला आले असते? तुझं तोंड बघायला?" छबुबाई म्हणाली. हात टेकवूनच उठू लागली, अर्ध्यात लटपटली आणि धपकन खुर्चीत बसली.

वडवणीच्या बाहेर माळावर तो वृद्धाश्रम होता. ऊसतोडीला गेलेल्यांची म्हातारी माणसं हंगामापुरती तिथं राहायची. हंगाम संपला की लेकरं येऊन घेऊन जायची. गेल्या दिवाळीला छबुबाईला तिचा लेक सोमेश्वर पाठीवर घालून घेऊन आला होता. चैत्र गेला, पोळा गेला, न्यायला कोणी आलं नव्हतं.

वैष्णवी अंबाजोगाईहून म्हाताऱ्यांचा व्यायाम घ्यायला यायची. पहिल्याच दिवशी तिनं छबुबाईची मांडी चाचपून सांगितलं होतं, "वयानं मांस झिजतं, आजी. पडून राहिलं की आणखी झिजतं. ओझं दिलं की परत धरतं."

"गेलेलं मांस परत आणणारी तू पहिलीच. बघू की."

ओझ्याची ओळख छबुबाईला नवी नव्हती. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, ही ऊसतोडीतली रीत. एकट्याला कोणी कामावर घेत नाही. नवरा त्रिंबक जिता होता तेव्हा त्याचा आणि छबुबाईचा कोयता आपल्या टोळीत यावा म्हणून मुकादम दारात येऊन बसायचे. डोक्यावर मोळी घेऊन ती फळीवरून ट्रकवर चढू लागली की गडीमाणसं वाट सोडायची. आता त्याच पायांच्या वाळक्या काटक्या झाल्या होत्या, आणि न्हाणीत जायलाही कुणाचा तरी हात लागायचा.

"माय, सोताच्या पायावर उभी राहा," सोमेश्वर फोनवर म्हणाला होता. "उभी राहिलीस की त्याच दिवशी न्यायला येतो."

तिला दुसरं काही नको होतं. दोन खोल्या, तिच्या हातची चूल आणि तिचा उंबरा. मरण यायचंच आहे तर त्या उंबऱ्याच्या आत यावं. आश्रमातल्या लोखंडी खाटेवर, परक्याच्या चादरीत नको.

म्हणून ती उठायला लागली. पायात रबरी पट्टा अडकवून ताणायची. घोट्याला वाळूच्या पिशव्या बांधून पाय उचलायची. शिव्या घालायची आणि पुन्हा उचलायची. ताटात उसळ आली की शेजारणीची वाटीसुद्धा ओढून घ्यायची.

ती शेजारीण म्हणजे बायनाबाई. व्यायामाच्या वेळी ती भिंतीकडं तोंड करून पडून राहायची.

"ऊठ की गं. हाडं कुजतील."

"उठून जायचं कुठं, छबे?"

"मला जायचंय. माझा लेक न्यायला येणार हाय. दर फोनला इचारतो, माय, आता वजन किती उचलतीस?"

"माझा इचारतो, जेवलीस का. तुझा वजन इचारतो."

"तुझ्यानं वाटी उचलत न्हाई, तुला काय इचारायचं?"

बायनाबाईनं पुन्हा भिंतीकडं तोंड केलं.

एकाच गोष्टीचा छबुबाईला राग होता. सून रोहिणी फोनवर येत नव्हती. विचारलं की सोमेश्वर म्हणायचा, कधी माहेरी गेली, कधी झोपली हाय. माज आला असंल, छबुबाई मनात म्हणायची. घरी गेल्यावर बघते तिला.

भादवा सरता सरता ती हात न टेकवता उठली. मग काठी सुटली. मग वैष्णवीनं वाळूची लहान गोणी दिली, ती छातीशी धरून ती अंगणात फिरली. एक दिवस तिनं कुणाला न विचारता चुंबळ केली आणि गोणी डोक्यावर चढवली. वैष्णवी ओरडणार होती. पण म्हातारीची ताठ मान बघून तिनं वाट सोडली.

त्या संध्याकाळी छबुबाईनं फोन केला. दुसऱ्याच दिवशी सोमेश्वर जीप घेऊन आला. सोबत पांढऱ्या टोपीतला एक माणूस होता.

"हे सुंदरराव," सोमेश्वर म्हणाला. "गाडी यांचीच हाय."

"मावशी, लई ऐकलंय तुमचं," सुंदरराव अदबीनं म्हणाला. "आमाला बी दावा की."

छबुबाईनं गोणी डोक्यावर घेतली, फाटकापर्यंत गेली, वळली, आली. दम लागला होता, तो तिनं नाकातच जिरवला. सुंदररावानं सोमेश्वरकडं बघून मान हलवली. सोमेश्वरनं खांदे सैल सोडले. लेकाचा जीव भांड्यात पडलेला बघून छबुबाईला भरून आलं.

वैष्णवीनं रबरी पट्टा तिच्या पिशवीत घातला. "घरी गेल्यावर सोडू नका, आजी."

"सोडती व्हय," छबुबाई म्हणाली आणि बायनाबाईकडं वळली. "बघ. आला का न्हाई माझा लेक?"



जीपमध्ये ती कुणाचाही हात न घेता चढली. पायाशी भांड्यांचं बोचकं होतं, वर ताडपत्रीची गुंडाळी. बाजार करून आला वाटतं, तिला वाटलं.

"रोहिणीनं चूल लिंपली का?"

सोमेश्वर खिडकीबाहेर बघत होता. "तिच्या पोटाचं आपरेशन झालं, माय. डॉक्टरनं वजन उचलायचं न्हाई म्हणून सांगितलंय."

छबुबाईचा राग कुठल्या कुठं गेला. "मग आदी सांगायचं न्हाई का? तिला पडू दे निवांत. मी हाय की आता उचलायला."

पिंपळाच्या फाट्यावर गावाचा रस्ता डावीकडं वळतो. जीप सरळ गेली.

"आरं, फाटा मागं ऱ्हायला."

पुढच्या सीटवर सुंदररावानं फोन कानाला लावला होता. "हां, लिवून घ्या," तो म्हणाला. "सोमेश्वरचा कोयता पुरा झाला. न्हाई, बायको न्हाई. माय हाय त्याची."