पाणमांजरांची नोंद

सुनावणीच्या खोलीत बाईंनी नव्या कायद्याचा मसुदा दोनदा वाचला. ज्या प्राण्याची पाच वर्षांत सरकारदरबारी नोंद नाही, तो संरक्षित यादीतून वगळायचा आणि त्याची जागाही मोकळी करायची. खाली सही त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्याची, आता वनखात्यातल्या बड्या साहेबाची.

बाईंनी त्याला व्हरांड्यात गाठलं. कान धरायचं त्याचं वय उरलं नव्हतं, म्हणून बाही धरली.

"अरे, ओढ्यावर पाणमांजरं आहेत! कालच पिल्लं पाहिली मी."

"असतील, बाई. कागदावर नाहीत."

"कशी असतील? तूच घरी येऊन म्हणालास, 'नोंद करू नका, शिकाऱ्यांना ठावठिकाणा लागेल.' पाच वर्षं तोंडाला कुलूप लावलं मी. वर्गातल्या पोरांनाही ओढ्यावर नेलं नाही."

"आठवतंय मला."

"मग आज लिही. मी सांगते."

"मुदत संपली, बाई."

बाईंची पकड सुटली. "म्हणजे, हे तुला तेव्हाच ठाऊक होतं?"

साहेबाने बाही सारखी केली. "दुसरं कुणी असतं, तर कधी ना कधी बोललं असतं. तुमच्या शब्दावर मात्र माझा पूर्ण विश्वास होता."