घोटे धरणारी

"घोटे नीट धर," गावित मागं न बघता म्हणाली. मी धरले, नखं रुतेपर्यंत.

राज्याच्या संघात शंभर मीटरला जागा एकच होती आणि सरांनी जोडी लावली ती नेमकी आम्हा दोघींची. एकीनं मॅटवर गुडघे टेकायचे, दुसरीनं मागून घोटे दाबून धरायचे. मग अंग ताठ ठेवून हळूहळू पुढं झुकायचं, मांडीची मागची बाजू पेटेपर्यंत. धावताना तिथला हॅमस्ट्रिंग स्नायू फाटू नये म्हणून रोज दहा वेळा. मोजायचं घोटे धरणारीनं.

मी तिला कधी दहावर सोडलं नाही. 'सहा' दोनदा म्हणायचे, 'आठ' दोनदा. ती दात-ओठ खात बारा काढायची. माझी पाळी आली की मात्र गोड व्हायची. सातव्यालाच "झाले दहा" म्हणून घोटे सोडायची. सातच झालेत हे मलाही कळायचं. वाटायचं, घाबरते मला. मी मुकाट्यानं उठायचे.

निवड चाचणीत सत्तर मीटरपर्यंत मीच पुढं होते. मग मांडीवर मागून कुणी दगड हाणावा तसं झालं आणि मी ट्रॅकवर कोसळले. गावित शेजारून निघून गेली.

परत आली ती बर्फाची पिशवी घेऊन. माझ्या मांडीखाली ती सरकवत हळूच म्हणाली, "खोटं मोजायला तुझ्याकडूनच शिकले. मी फक्त कमी मोजलं."