कापसाची गोळी

"अगं बाई! केवढा हा कोळी!" धाकटी कुंडीपाशी थबकली आणि तीनदा शिंकली. उन्हात आलं की शिंकायचं, ही तिच्या माहेरच्या सगळ्यांचीच खोड. "जाऊबाई, फवारा मारा आधी. आता बाग माझ्या मुलाची आहे."

होतीच. तासाभरापूर्वी थोरल्या जावेने हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली होती, आपल्या मुलालाही करायला लावली होती. घर धाकट्याच्या मुलाला, हा सासऱ्यांचा शब्द नातवंडं जन्मायच्या आधीपासूनचा. थोरली आकांडतांडव करील म्हणून धाकटी कंबर कसून आली होती. पण कसचं काय! बाईने ब्रसुद्धा काढला नाही. धाकटीला आभाळ ठेंगणं झालं होतं.

थोरलीने कोळ्यावर बरणी उपडी घातली, भिंग धरलं. "खाली चार बारके डोळे, वर दोन टपोरे, त्यामागे आणखी दोन. जाळं नाही. लांडगा कोळी हा. मादी आहे. मागची पांढरी पिशवी अंड्यांची. आपल्याला काही करत नाही."

"ते राहू दे. तुमचं ते बांडगूळ निघतंय ना दुपारपर्यंत?"

"सामान बांधतोय."

"रस्त्यावर झोपला तरी चालेल, माझ्या दारात नको."

थोरलीने बरणीची कड जराशी उचलून चिमट्याने ती पिशवी अलगद सोडवून बाजूला टाकली. मादी सैरावैरा धावू लागली. मग थोरलीने तेवढीच कापसाची गोळी वळून आत सरकवली. मादीने झडप घालून ती धरली, मागे चिकटवली आणि शांत झाली.

धाकटीला हसू आवरेना. "काय बाई खुळी! आपलं पोर कोणतं, एवढंही कळू नये?"

"नाही कळत. जपते मात्र जिवापाड."

टाकलेल्या पिशवीला मुंग्या लागल्या होत्या.

पुतण्या ट्रंक घेऊन बाहेर आला. "येतो, काकू." धाकटीने मान फिरवली.

"तू बाळंत झालीस तेव्हा मी दोन दिवसांची बाळंतीण," थोरली भिंग पुसत म्हणाली. "पण त्याच इस्पितळात नर्स होते ना मी. तू ग्लानीत होतीस. बाळ तुझ्या कुशीत मीच ठेवलं."

"मग? आज उपकार सांगताय?"

सावलीतून फाटकाबाहेरच्या उन्हात पाऊल पडताच पुतण्या शिंकला. एकदा. दोनदा. तीनदा.